खड्डा तोच, रोप नवे!

शाळांमधील वृक्षारोपणाचे सोहळे दरवर्षी पार पडतात. रोपे मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत क्वचितच टिकतात. पर्यावरण हा विषय पुस्तकातून आणि समारंभातून बाहेर काढून मुलांच्या हाती सोपवायचा, तर शाळांनी नेमके काय करायला हवे?

जुलै महिना उजाडला की राज्यातील असंख्य शाळांच्या आवारात एक ठरलेला कार्यक्रम होतो. प्रवेशद्वारावर फलक लागतो, प्रमुख पाहुणे येतात, कुंपणालगत आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात गुलमोहराचे किंवा अशोकाचे रोप उभे केले जाते, झारीने पाणी घातले जाते आणि छायाचित्र निघते. मुले रांगेत उभी राहून टाळ्या वाजवतात. पुढच्या वर्षी पुन्हा जुलै येतो. पाहुणे बदललेले असतात, मुले एक इयत्ता पुढे गेलेली असतात. खड्डा मात्र तोच असतो. आधीच्या रोपाचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

या घटनेकडे थट्टेचा विषय म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्या मोकळ्या खड्ड्यातून मुले एक धडा शिकत असतात. पर्यावरण ही एका दिवसाची बाब आहे, ती मोठ्यांच्या उपस्थितीत करायची असते आणि तिचा परिणाम तपासायचा नसतो, असा तो धडा आहे. बारा वर्षांच्या शालेय जीवनात हा धडा बारा वेळा गिरवला गेला, तर पाठ्यपुस्तकातील जैवविविधतेवरची प्रकरणे त्यापुढे निष्प्रभ ठरतात.

विषय आला, अनुभव राहिला

पर्यावरण शिक्षणाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९७६ साली झालेल्या ४२व्या घटनादुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. पुढच्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १९७७ मध्ये, युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी तिबिलिसी येथे आंतरसरकारी परिषद भरवली. पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे तेथे पाच शब्दांत मांडली गेली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. या पाचांपैकी पहिल्या दोहोंची तयारी वर्गात होऊ शकते. उरलेल्या तीन गोष्टी फळ्यावर शिकवता येत नाहीत.

भारतात या विषयाला बळ मिळाले ते न्यायालयामुळे. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण शिकवणे आवश्यक ठरवले. अंमलबजावणी रेंगाळल्यावर डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा आदेश दिले आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेला अभ्यासक्रम राज्यांनी अमलात आणावा, असे बजावले. त्याच सुमारास पदवी अभ्यासक्रमातही पर्यावरणाचा सक्तीचा भाग आला.

विषय सक्तीचा झाला, तशी त्याची पुस्तके आली, श्रेणी आली आणि प्रकल्पवह्याही आल्या. प्रकल्पाचा मूळ हेतू मुलांनी परिसरात जाऊन काही पाहावे, मोजावे आणि नोंदवावे असा होता. प्रत्यक्षात अनेक घरांत तो रात्री जागून आई-वडिलांनी पूर्ण करण्याचा उद्योग बनला. कोपऱ्यावरच्या दुकानात तयार चित्रांचे तक्ते मिळू लागले. ‘माझ्या परिसरातील वृक्ष’ या शीर्षकाखाली देवदाराचे चित्र चिकटवून श्रेणी मिळवता येत असेल, तर खिडकीबाहेरच्या करंजाकडे पाहण्याचे मुलाला कारणच उरत नाही.

मंडळे आणि संस्था नव्हत्या, असेही नाही. अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र १९८४ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. पुण्यातील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेने शिक्षक घडवण्याचे काम हाती घेतले. केंद्र सरकारने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेनेची योजना सुरू केली आणि देशभरातील लाखाहून अधिक शाळांत तिची पथके उभी राहिली. महाराष्ट्रात ही जबाबदारी सामाजिक वनीकरण विभागाकडे देण्यात आली. जेथे एखादा शिक्षक मनापासून पुढे आला, तेथे या योजनेतून उत्तम काम झाले. जेथे तो नव्हता, तेथे हरित सेना हजेरीपटावरच राहिली.

कुरणावरची शाळा

शिक्षण परिसराशी जोडण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेतून महात्मा गांधींची नयी तालीम पुढे आली. हाताने करावयाचे उत्पादक काम हाच सर्व विषयांच्या शिक्षणाचा पाया असावा, हे तिचे सूत्र होते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून काम केलेले स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांनीही मस्तक, हृदय आणि हात या तिन्हींना शिक्षणात स्थान हवे, असा आग्रह धरला होता.

याहून जवळचे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या जुन्या हद्दीतील, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी आणि कोसबाड या गावांचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे लक्षात आल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षकच कुरणावर गेले आणि ‘कुरणशाळा’ सुरू झाली. खडे, बिया, पाने, शंख-शिंपले हीच तेथली शैक्षणिक साधने होती.

कुरणशाळेचा जन्म गरजेतून झाला होता. आज शहरातील मुलाची अडचण नेमकी उलट आहे. त्याच्याकडे शाळा आहे, कुरण नाही. तो शाळेच्या बसमधून फरसबंदी आवारात उतरतो, वर्गात बसतो आणि त्याच बसने परततो. मातीला त्याचा हात लागतो तो क्वचितच. कोसबाडने शाळा कुरणावर नेली. शहरी शाळेला कुरणाचा एखादा तुकडा मुलाच्या वाट्याला आणून द्यावा लागेल. त्यासाठी अभयारण्याची सहल अनिवार्य नसते. शाळेच्या आवारातील एक झाड, गच्चीवर पडणारा पाऊस, डब्यातील उरलेले अन्न आणि कढीपत्त्याची एक कुंडी एवढे भांडवल पुरेसे आहे.

एक झाड, एक दोरी

सुरुवात झाडापासून करता येते. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजण्याची वनशास्त्रातील रीत आहे. सहावी-सातवीतील मुलांना त्यासाठी सुतळी आणि मोजपट्टी एवढेच लागते. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो; वर्तुळाचा धडा तेथेच शिकून होतो. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर माप घेतले की झाड किती वाढले ते कळते.

दुसरे काम निरीक्षणाचे. आठवड्यातून एकदा त्याच झाडापाशी जायचे आणि कोवळी पाने, पिकलेली पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे यांपैकी काय आहे आणि किती आहे, याची नोंद करायची. ‘नाही’, ‘थोडे’ आणि ‘पुष्कळ’ एवढ्या तीन शब्दांत ती भागते. देशभरातील झाडांच्या अशा नोंदी एकत्र करणारा ‘सीझनवॉच’ हा नागरी विज्ञान उपक्रम गेली अनेक वर्षे चालू आहे आणि त्यात केरळमधील शाळकरी मुलांचा वाटा मोठा आहे. बहावा कधी फुलला, आंब्याला मोहर कधी आला, हे एका वर्षी पाहिले तर ती गंमत असते. दहा वर्षे सलग नोंदवले तर ते हवामानबदलाच्या अभ्यासकाला उपयोगी पडणारे साधन होते. आपल्या वहीतील ओळ कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे समजलेल्या मुलाला नोंद खरी का असावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

या मापांना नागरी जीवनातही अर्थ आहे. नागरी क्षेत्रातील वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही संकल्पना आणली. शाळेच्या गल्लीतील वड, पिंपळ, चिंच यांचे घेर, जागा आणि वृद्ध रहिवाशांच्या आठवणी मुलांनी नोंदवून ठेवल्या, तर रस्ता रुंद करण्याचा प्रश्न उभा राहील तेव्हा त्या परिसराकडे निदान कागद असेल.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती?

मुंबईकरांना २६ जुलै २००५ हा दिवस विसरता येणार नाही. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना सांगता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते. म्हणजे त्या दिवशी सांताक्रूझच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी कोसळले.

हे गणित मुलांना स्वतःच्या शाळेत करता येते. सरळ बाजूंची, सपाट तळाची बाटली उघड्यावर ठेवून, रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची मोजली की झाले साधे पर्जन्यमापक. हवामान खातेही याच वेळेला २४ तासांचा पाऊस मोजते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील आकड्याशी तुलना होऊ शकते. शाळेचे छप्पर ५०० चौरस मीटरचे असेल आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या छपरावर तीन लाख लिटर पाणी पडते. त्याच शाळेत एप्रिलमध्ये टँकर येत असेल, तर मुलांपुढे कोणता प्रश्न उभा राहील हे सांगायला नको.

पाणी मुरते कुठे, हेही तपासता येते. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन बोटे रुतवून त्यात एक लिटर पाणी ओतायचे आणि ते मुरायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहायचे. हाच प्रयोग झाडाखालच्या भुसभुशीत मातीत, खेळाच्या मैदानाच्या घट्ट जमिनीत करायचा आणि पेव्हर ब्लॉकवर पाणी ओतून ते कुठे वाहत जाते ते पाहायचे. तीन ठिकाणची तीन उत्तरे शेजारी शेजारी लिहिली की शहरात पूर का येतो, यावर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

कढीपत्त्यावरची अळी

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. स्पर्धापरीक्षेपुरती ही माहिती पुष्कळांना असते. या फुलपाखराची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते, हे मात्र पाहिल्याशिवाय ध्यानात राहत नाही. त्याच कुळातील कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी वर्गाच्या खिडकीत ठेवली, तर शहराच्या मध्यवस्तीतही कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लाय या त्याच्या नातलगांनी तेथे अंडी घालण्याची चांगली शक्यता असते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगासारखा अवयव बाहेर काढते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो.

या कुंडीपाशी मुलांना एक निर्णय घ्यावा लागतो. अळी पाने फस्त करते. तिला मारायचे की राहू द्यायचे? झाड वाचवायचे तर फुलपाखरू नाही आणि फुलपाखरू हवे तर पाने जाणार. ‘सर्व सजीव परस्परावलंबी आहेत’ हे वाक्य पुस्तकात निरुपद्रवी वाटते. कुंडीपाशी त्याची किंमत मोजावी लागते आणि म्हणूनच ते समजते. थोडी पाने गेली तरी कढीपत्ता पुन्हा फुटतो, हे पाहिलेले मूल घरच्या बाल्कनीत कीटकनाशकाची बाटली उचलण्यापूर्वी थबकण्याचा संभव असतो.

खरी परीक्षा मे महिन्यात

आता पुन्हा त्या खड्ड्याकडे वळू. रोप मरते ते बहुधा हयगयीने नव्हे, तर वेळापत्रकामुळे. जुलैत लावलेल्या रोपाला पावसाळ्यात कोणाची गरज नसते. दिवाळीनंतर त्याला पाणी लागू लागते. फेब्रुवारीपासून ऊन तापते, तेव्हा शाळेत परीक्षांची धावपळ असते. मे महिन्यात रोपाला पाण्याची सर्वाधिक निकड असते आणि नेमकी तेव्हा शाळा बंद असते. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तोही सुटीतच. म्हणजे शाळेचे वर्ष आणि झाडाचे वर्ष एकमेकांशी जुळतच नाहीत. हे अंतर भरून काढण्याची योजना नसेल, तर रोप लावण्याच्या क्षणीच त्याचे भवितव्य ठरलेले असते.

ही योजना अवघड नाही. पहिली गोष्ट, शंभर रोपे लावण्याचा हट्ट सोडून जेवढी जगवता येतील तेवढीच लावावीत; दहा-बारा मुलांच्या गटाला एक रोप हे प्रमाण झेपणारे आहे. दुसरी, रोपाची निवड जागा पाहून करावी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला; त्यांच्याऐवजी बहावा, करंज, कडुनिंब, राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण असे येथील मातीतले वृक्ष निवडावेत. तिसरी, बुंध्याभोवती आळे करून त्यावर वाळक्या पानांचे आच्छादन घालावे, म्हणजे ओल टिकते. शाळेत रोज झाडून जाळला जाणारा पालापाचोळा येथे कामी येतो. रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवले, तर पाणी हळूहळू झिरपत राहते आणि रोज पाणी घालण्याचे बंधन सैल होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुटीतील पाळ्यांचा तक्ता एप्रिलमध्येच लावावा. शाळेजवळ राहणारी मुले, त्यांचे पालक आणि शाळेचे शिपाई यांची नावे त्यात असावीत. पाळी चुकली तर दंड नको. रोपाची अवस्था हाच त्याचा पुरेसा निकाल आहे. जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने आपल्या रोपाचा अहवाल द्यावा. जे मेले त्याचे कारणही त्यात लिहावे. पाणी कमी पडले, गाईने खाल्ले, मोटार मागे घेताना मोडले, वाळवी लागली. कारण शोधून लिहिलेले अपयश हे वैज्ञानिक काम असते. लपवलेले अपयश पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात पुन्हा उभे राहते.

रोप तीन वर्षे सांभाळावे लागते आणि मुले दरवर्षी वरच्या वर्गात जातात. त्यामुळे झाडाची नोंदवही वर्गाची असावी, मुलाची नव्हे. सातवीच्या मुलांनी आपले झाड आणि त्याची वही सहावीच्या मुलांकडे सोपवायची, आधीच्या नोंदी समजावून द्यायच्या. वारसा या शब्दाचा अर्थ मुलांना याहून सोप्या रीतीने क्वचितच कळेल.

अडचणी खऱ्या आहेत

शिक्षकांच्या अडचणींकडे डोळेझाक करून चालणार नाही. एका वर्गात ६० मुले, अभ्यासक्रम पुरा करण्याचे दडपण, शिक्षणबाह्य कामे आणि मुलाला खरचटले तरी जाब विचारणारे पालक, अशा स्थितीत वर्गाबाहेर पडणे हे धाडसच ठरते. त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. उपक्रम शाळेच्या आवारात सुरू करावा, बाहेर नेण्याची घाई करू नये. सांडपाणी मिसळलेल्या नाल्यात किंवा साचलेल्या पाण्यात मुलांना उतरवू नये. पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो. अळीला हात न लावता पाहावे, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. वेगळा तास मिळत नसेल, तर गणिताचा एक, विज्ञानाचा एक आणि मराठीचा एक तास महिन्यातून झाडापाशी घ्यावा. घेर गणितात येतो, पाऊस विज्ञानात आणि झाडाचे वर्णन निबंधात.

धोरणाचा आधारही आता आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त कालावधीची शिफारस आहे आणि त्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना मांडलेली आहे. शहरातील शाळेला रोपवाटिकेतील माळी हा प्राध्यापकाइतकाच मोलाचा शिक्षक ठरू शकतो.

पालकांची शंका बहुधा एकच असते: यात अभ्यासाचा वेळ जातो. त्यांच्यासाठी वेगळ्या क्षेत्रातील एक दाखला उपयोगी आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला गेला. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टिदोष जडला होता. ज्यांना हा तास मिळाला नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३९.५ टक्के होते. उन्हातला तास वाया जात नाही, निदान डोळ्यांचा तरी त्यात लाभ होतो.

कचऱ्यावर उगवलेले रान

धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांचा हा परिसर एके काळी शहराचा कचरा टाकण्याची जागा होता. त्यावर माती आणून, झाडे लावून, ती जगवून १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट झाडी आहे, पक्षी आहेत, फुलपाखरे आहेत आणि शाळांच्या सहलीही येतात. त्या मुलांना एरवी दाखवली जातात ती फक्त झाडांच्या नावांच्या पाट्या. त्यांना सांगायला हवी ती या जागेची पूर्वकथा. येथे रोपे लावली, इतकेच घडले नाही. कोणी तरी वर्षानुवर्षे त्यांना पाणी घातले.

शाळेच्या कुंपणालगतच्या रोपाची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही, फक्त लहान आहे. येत्या जुलैत पाहुणे आले आणि रोप लावायला जुना खड्डा रिकामा सापडला नाही, दुसरा खणावा लागला, तर त्या शाळेत पर्यावरण हा विषय शिकवला गेला असे खुशाल समजावे.